रेकॉर्डमधला भूप आणि मैफलीतला भूप

एकच गाणे आपण दोनदा ऐकले, तर ते एकच असते का? रेकॉर्ड लावली असेल तर असते. दहा वेळा लावा, शंभर वेळा लावा, तान जिथे वळते तिथेच वळणार. पण गायक समोर बसलेला असेल तर? अंबाजोगाईच्या एका शाळेत मी तीस वर्षे संगीत शिकवले. या प्रश्नाचे उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवे होते. ते कळायला निम्मी नोकरी गेली, आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने मोजली. ज्यांच्या गाण्याने मला ते उत्तर दिले, त्या किशोरी आमोणकर यांच्या मैफली पन्नास-साठ वर्षांत कशा बदलत गेल्या आणि का बदलल्या, हे आज सांगायचे आहे.

सुरुवात रेडिओपासून करतो. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीला विसरता येत नाही. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची, संध्याकाळी सुकडी खायची आणि रात्री अंगणात बाज टाकून पडायचे, असे ते दिवस. घरात एक जुना मर्फी रेडिओ होता. परभणी केंद्र केव्हाही लागे. पुणे, मुंबई मात्र रात्र चढली की लागायचे, तेही खरखरत. दुष्काळ सरल्यानंतरच्या एक-दोन वर्षांत अशाच एका रात्री त्या खरखरीतून एका बाईंचा आवाज आला. त्यांनी पहिला गंधार लावला आणि वडील उठून बसले. ती किशोरीताईंची भूपाची रेकॉर्ड होती. आधी विलंबित 'प्रथम सूर साधे' आणि मग द्रुत 'सहेला रे'. मागल्या बाजूला बागेश्री. महाराष्ट्रात ज्यांना शास्त्रीय संगीतातले फारसे कळत नव्हते, त्यांच्याही घरात ही तबकडी पोचली. पुढे मी संगीत शिकलो, शिक्षक झालो, त्याचे मूळ त्या रात्रीत आहे.

भूप तसा पाच सुरांचा राग. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद त्यात नाहीत. शाळेतल्या मुलांना पहिल्या वर्षी शिकवतात, इतका सोपा. गंमत अशी की हेच पाच सूर घेऊन देशकारही गातात. पण देशकार सकाळचा, त्याचा जीव धैवतावर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, त्याचा जीव गंधारावर. म्हणजे कोणते सूर घ्यायचे एवढ्यावर राग ठरत नाही. कुठे थांबायचे, कुठून कुठे जायचे, कोणत्या सुराकडे पुन्हा पुन्हा यायचे, यावर तो ठरतो. हे मी फळ्यावर लिहून कित्येकदा शिकवले. त्याचा पुढचा अर्थ मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता.

साधारण १९८६-८७ ची गोष्ट. नववीत एक मुलगी होती, शेतकऱ्याच्या घरातली. गळा असा की वर्ग थांबून ऐकायचा. मी तिला 'सहेला रे'ची कॅसेट दिली. रोज शाळा सुटल्यावर टेप लावायची, एक जागा ऐकायची, टेप मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची. तीन महिन्यांत त्या मुलीने प्रत्येक तान, प्रत्येक मुरकी, श्वास घेण्याच्या जागासुद्धा जशाच्या तशा उचलल्या. मी खूश! तिला घेऊन एका स्पर्धेला गेलो. ती गायली, टाळ्या पडल्या. मग परीक्षक तिला अगदी मायेने म्हणाले, "बाळ, फार सुंदर. पण हे सगळं किशोरीताईंचं झालं. आता याच भूपात पाच मिनिटं तुझं काहीतरी ऐकव."

मुलीने माझ्याकडे पाहिले. तंबोरा वाजत होता. तिने सा लावला, गंधारापर्यंत गेली आणि थांबली. पुढे काय करायचे ते तिला ठाऊक नव्हते, कारण ते मी शिकवलेच नव्हते. परतीच्या एस.टी.त मी परीक्षकांवर चिडून बोलत होतो. खेड्यातल्या पोरांना हे लोक वर येऊ देत नाहीत, वगैरे. ती खिडकीबाहेर बघत होती. त्यानंतर ती स्पर्धेत गायली नाही. दहावी झाली, लग्न झाले.

बरीच वर्षे मी स्वतःलाच बरोबर ठरवत राहिलो. मग २००० नंतरच्या एका हिवाळ्यात आमच्या शाळेतले गणिताचे सर म्हणाले, "चला, पुण्याला किशोरीताईंचं गाणं आहे." रात्रीच्या गाडीने गेलो. मोठा मांडव, हजारो माणसे. ताईंच्या मांडीवर स्वरमंडल, मागे तंबोरे, बाजूला व्हायोलिन. यमन सुरू झाला. मी पंचवीस वर्षे ज्या आवाजाची वाट पाहिली तो येईना. आवाज वयाने बदललेला होता. कितीतरी वेळ त्या तीन-चार सुरांतच फिरत होत्या. निषादावरून षड्जाकडे जायच्या, पण षड्जावर न टेकता परतायच्या. मी मनात म्हणत होतो, आता तान येईल, आता येईल. शेजारी गणिताचे सर डोळे मिटून बसले होते. मध्यंतरात मी म्हणालो, "सर, ती रेकॉर्डमधली किशोरी राहिली नाही." सर म्हणाले, "तीस वर्षांनी तीच राहिली असती, तर मधली तीस वर्षं त्या काय करत होत्या म्हणायचं?"

गणिताच्या माणसाने मला संगीतातला प्रश्न घातला होता. दुसऱ्या दिवशी एका संग्राहकाकडे गेलो. त्यांच्याकडे किशोरीताईंच्या मैफलींची वेगवेगळ्या काळातली ध्वनिमुद्रणे होती. एका बैठकीत भूपच भूप ऐकला. राग तोच, बंदिशी त्याच. पण एकही भूप दुसऱ्यासारखा नव्हता, आणि रेकॉर्डसारखा तर कुठलाच नव्हता. ज्या ताना मी त्या मुलीकडून घोटून घेतल्या होत्या, त्या खुद्द किशोरीताईंनी पुन्हा तशाच घेतलेल्या नव्हत्या!

हे असे का होते, ते आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला समजावणे सोपे आहे, कारण आपण कीर्तन ऐकून मोठे झालो. सप्ताहात महाराज एक अभंग निरूपणाला घेतात. अभंग शेकडो वर्षांचा, त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. टाळकरी, मृदंग, वीणा सगळे ठरलेले. पण त्या अभंगावरचे चिंतन? तेच महाराज तोच अभंग तिशीत सांगतात तेव्हा दृष्टान्तांवर दृष्टान्त देतात, सभा डोलवतात. सत्तरीत सांगतात तेव्हा एका शब्दावर थांबतात आणि सगळा मंडप शांत होतो. ख्यालगायकीही अशीच आहे. राग ठरलेला, ताल ठरलेला, बंदिशीचे दोन-चार ओळींचे शब्द ठरलेले. बाकीचे सारे, म्हणजे तास-दीड तासाच्या गाण्यातला फार मोठा भाग, गायकाने त्याच वेळी घडवायचा असतो. बंदिश हा अभंग, आणि बढत हे निरूपण.

आता किशोरीताईंच्या साठ वर्षांकडे या दृष्टीने पाहू. जन्म १० एप्रिल १९३२, मुंबईचा. आई मोगूबाई कुर्डीकर म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. वडील लहानपणीच गेले. घर आईच्या गाण्यावर चालले. माईंची शिकवण्याची शिस्त कडक होती. एखादी जागा त्या एकदा, फार तर दोनदा दाखवत; तिसऱ्यांदा नाही. ऐकायचे ते पहिल्याच वेळी कान देऊन ऐकायचे. मुलीने कित्येक वर्षे आईच्या मागे तंबोरा धरून मैफली ऐकल्या. गाणाऱ्या बाईला त्या काळात कसे वागवले जाई, तेही पाहिले. पुढे मैफलीत शांतता हवी, कलाकाराचा मान राखला जावा, असा जो आग्रह त्या धरत आणि ज्यावरून त्यांना लहरी म्हटले गेले, त्याचे मूळ तिथे आहे.

जयपूर घराण्याचे गाणे कसे असते? आलाप, बोल, तान हे सारे तालाच्या आवर्तनात घट्ट विणलेले. लय फार संथ नसते. जोडराग आणि अनवट राग हे या घराण्याचे धन, आणि तानेचा पेच असा की पुढची वळसी कुठे जाणार याचा अंदाज लागत नाही. पैठणीच्या काठासारखे काम. सुरुवातीच्या काळातल्या किशोरीताई हेच गात होत्या, आणि उत्तम गात होत्या.

मग पंचविशीच्या सुमारास त्यांचा आवाज गेला. सुमारे दोन वर्षे गाता येईना. गायकाच्या आयुष्यात याहून मोठा दुष्काळ नाही. उपचारांनी आवाज परत आला. पण त्या मुक्या काळात त्यांनी गाण्याचा विचार केला, आणि परत आली ती फक्त आईचे गाणे गाणारी मुलगी नव्हती. त्यांनी माईंखेरीज इतर गुरूंकडूनही घेतले होते. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर त्यांतल्याच. एका सुरातून दुसऱ्या सुरात अखंड सरकत जाणारी मींड ही त्या गायकीची खासियत. १९६४ साली 'गीत गाया पत्थरों ने' या चित्रपटासाठी त्या गायल्या, पण सिनेमाची वाट त्यांनी धरली नाही.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातल्या मैफलींत बदल ठळक दिसू लागतो. विलंबिताची लय आणखी संथ झाली. पूर्वी आवर्तनात बांधलेला आलाप आता मोकळा होऊन पसरू लागला. सुरावर ठेहराव वाढला. तानांचा वेग आणि तयारी तीच होती, पण तान आता आलापाच्या मागून, त्याची गरज म्हणून येऊ लागली. जाणकारांत वाद झाले. काही म्हणाले, हे जयपूर राहिले नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. घराण्याची घट्ट वीण सैल झाली होती, आणि त्या विणीचे सौंदर्य ज्यांनी अनुभवले त्यांना ती हळहळ वाटणारच. किशोरीताईंची भूमिका अशी होती की घराणे ही शिकण्याची वाट आहे, कुंपण नव्हे. गाण्यात शोधायचा तो रागाचा भाव, आणि त्या भावाला जे लागेल ते घ्यायचे.

नव्वदीनंतर हा शोधच मैफल झाला. निषाद षड्जाला टेकण्याआधी किती वेळ रेंगाळू शकतो, गंधार एकाच रागात किती परींनी लावता येतो, याकडे त्यांचे लक्ष गेले. या विचारातूनच त्यांनी 'स्वरार्थरमणी' हा रागरसाची मांडणी करणारा ग्रंथ लिहिला. मैफलीच्या शेवटी श्रोत्यांना 'अवघा रंग एक झाला' हवे असे. सोयराबाईंचा तो अभंग त्यांनी गावोगावच्या घरांत पोचवला होता. अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी २०११ साली 'भिन्न षड्ज' हा माहितीपट केला. तो ज्यांनी पाहिला त्यांना ऐंशीच्या घरातही ही बाई समाधानी नव्हती हे कळेल. १९८७ ला पद्मभूषण, २००२ ला पद्मविभूषण मिळाले. पण साधलेले सोडून न साधलेल्याकडे जाणे थांबले नाही. मार्च २०१७ च्या अखेरीस त्या दिल्लीत गायल्या, आणि ३ एप्रिलला, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा असताना, मुंबईत गेल्या.

आता या बदलांमागे केवळ स्वभाव होता असे मात्र नाही. आणखी तीन कारणे मला दिसतात, आणि ती सगळ्याच गायकांना लागू आहेत.

पहिले कारण वेळ. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्या गायकांनी तीन मिनिटांत राग उभा केला, हे त्यांचे कौतुक. लाँग प्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली. 'सहेला रे' इतके घोटीव आहे, त्यात एकही सूर वाया गेलेला नाही, याचे एक कारण ही मर्यादा आहे. मैफलीत ही मर्यादा नसते. उलट २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्या जागी ध्वनिक्षेपक बंद झाले, तेव्हा रात्रभराच्या मैफली आटल्या आणि मध्यरात्रीचे राग उघड्या मांडवातून हद्दपार झाल्यासारखे झाले. गाणे गायकाच्या मनावर चालते तसे घड्याळावरही चालते.

दुसरे कारण मायक्रोफोन. अल्लादिया खाँसाहेबांच्या पिढीला दिवाणखान्याच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज स्वतः फेकावा लागे. त्यासाठी आवाज भरदार, खुला लावावा लागे. मायक्रोफोन आल्यावर हळुवार लावलेला सूरही हजार माणसांना ऐकू जाऊ लागला. श्वासाइतका बारीक सूर, त्याची हललेली कड, हे सारे मैफलीत आणता आले. किशोरीताईंची पुढली आलापी याच्याशिवाय त्या मोठ्या मांडवांत पोचली नसती.

तिसरे कारण शरीर. वय वाढते, तशी दमाची तान कमी होते, तार सप्तकात पूर्वीसारखे सहज जाता येत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. पूर्वी जे जमत होते त्याची नक्कल करत राहायची, किंवा आता जे जमते त्यात काय सापडते ते पाहायचे. तरुणपणी वेगाने ज्या सुरांवरून निघून गेलो, त्यांच्यापाशी म्हातारपणी बसता येते. पुण्याच्या त्या मैफलीत मी जे कमी झाले ते मोजत बसलो होतो. जे नवीन आले होते त्याकडे माझा कानच नव्हता.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतल्या जॅझ संगीतातही ओळखीच्या गाण्याची चाल घेऊन गायक दर मैफलीत ती नव्याने घडवतो. एला फिट्झजेराल्ड ही फार मोठी गायिका १९६० साली बर्लिनमध्ये गात असताना एका गाण्याचे शब्दच विसरली. थांबली नाही. शब्द विसरल्याचेच शब्द तिथल्या तिथे जुळवून तिने गाणे पुरे केले, श्रोत्यांना हसवले, डोलवले. त्या मैफलीची रेकॉर्ड निघाली आणि तिला अमेरिकेतला मानाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पाठ केलेले निसटले, तेव्हा शिकलेले उपयोगी पडले. माझ्या विद्यार्थिनीजवळ पाठ केलेले सगळे होते. शिकलेले तिला मी दिले नव्हते.

पुण्याहून परतल्यावर मी शिकवण्याची पद्धत बदलली. बंदिश द्यायची, ती पक्की करून घ्यायची, त्यात तडजोड नाही. मग कॅसेट बंद. सा, रे, ग एवढेच तीन सूर घे आणि दोन मिनिटे मला काहीतरी सांग. मुले आधी लाजतात, अडखळतात, चुकतात. बेसूरही होतात. पण महिन्याभरात प्रत्येकाचा गंधार वेगळा ऐकू येऊ लागतो. त्यातली फार थोडी मुले गायक झाली. पण त्यांतल्या एकालाही तंबोरा वाजत असताना गप्प बसावे लागले नसेल, एवढे मी म्हणू शकतो.

रेकॉर्ड ऐकू नये असे मी म्हणत नाही. रेकॉर्ड नसती तर त्या दुष्काळानंतरच्या रात्री आमच्या अंगणात भूप कुठून आला असता? रेकॉर्ड ही थोर गायकाच्या एका दिवसाची आठवण आहे, आणि आपल्यासारख्या लांबच्या माणसांना तीच मिळते. फक्त तो एक दिवस म्हणजे त्याचे सगळे आयुष्य, असे समजू नये. आज मोबाइलवर किशोरीताईंच्या अनेक वर्षांतल्या मैफली ऐकायला मिळतात. आधी ती जुनी तबकडी ऐका, मग मधल्या काळातली एखादी मैफल, मग अगदी शेवटची. एकच राग घेऊन ऐका. तान मोजू नका. त्या कुठे थांबतात ते ऐका.

ती विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी एका लग्नात भेटली. आता तिची मुलगी शाळेत जाते. बोलता बोलता मी भीत भीत विचारले, "ते भूपाचं काही आठवतं का गं?" ती हसून म्हणाली, "सर, एकही तान विसरले नाही." तिने कौतुकाने सांगितले, आणि मला मात्र आत कुठेतरी लागले. मी म्हणालो, "माझं चुकलं होतं. ते परीक्षक बरोबर होते." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोरीला पाठवू का तुमच्याकडे?"

आता ती दर रविवारी येते. सध्या तीन सुरांवर आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)